जुना पिकअप घ्यायचाय : महिंद्रा एफसी-१५०, विट्याजवळ. काय काय तपासावं?

शिवारवाट
नमस्कार मंडळी. विट्याच्या अलीकडे एका शेडमध्ये महिंद्राची एफसी-१५० पिकअप विक्रीला आहे. चपट्या तोंडाची, पुढे बॉनेट नसलेली, ड्रायव्हर इंजिनाच्या शेजारी बसतो ती. आरसी बुकावर पहिली नोंदणी १९६९ ची, इंधन पेट्रोल. आत मात्र डिझेल इंजिन बसवलेलं आहे. बुक विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर, ते आता हयात नाहीत. हौदा नुकताच रंगवलाय. गाडी सुरू होते, ब्रेक लागत नाहीत.

गाडी कोरेगाव तालुक्यात राहील. शेतावर थोडं काम, बाकी जपून ठेवायची. तीन गोष्टी कळत नाहीत. बघायला जाताना नेमकं काय तपासू? डिझेल आहे तसंच ठेवू की पेट्रोलवर परत आणू? आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी हिला मिळेल का?

नटबोल्ट_मिरज
आधी कागद, मग चासी, मग केबिनचा पत्रा, सगळ्यात शेवटी इंजिन. लोक नेमकं उलटं करतात. चावी फिरवून आवाज ऐकतात आणि इसार देऊन मोकळे होतात. इंजिन दुरुस्त होतं, बदलता येतं. चासीचा नंबर गंजून गेला किंवा बुकाशी जुळला नाही, तर त्या गाडीचं भंगाराशिवाय काही होत नाही.

जाताना बरोबर काय न्यायचं ते सांगतो. बॅटरी, लोहचुंबक, लांब स्क्रूड्रायव्हर, छोटा हातोडा, गवंड्याचा ओळंबा, खडू, १० मीटरचा टेप, वायरब्रश, पांढरा कागद नि पेन्सिल. चासीवरचा नंबर वायरब्रशने साफ करा आणि कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या. अक्षरांची उंची एकसारखी आहे का, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या रेघा किंवा वेल्डिंगची फुगवटी आहे का, हे डोळ्यांपेक्षा छापेवर चांगलं दिसतं. छाप आणि बुक शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा.

नवा रंग ही जमेची बाजू धरू नका. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून हौद्यावर, दारांच्या खालच्या कडांवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

माणदेशी
गाडी आयुष्यभर कुठं हुती ते पयलं इचारा. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडची गाडी आसंल तर गंज कमी, पर उन्हानं रबरं आन वायरिंग करपल्यालं. जावळी, पाटण, म्हाबळेश्वरकडची आसंल तर पत्रा वरनं चकचकीत आन आतनं पापड. चिपळूण-रत्नागिरीला ऱ्हाऊन आल्याली आसंल तर चासीवर हातुडा मारल्याबिगर दाम बोलू नका.

नटबोल्ट_मिरज
माणदेशींशी सहमत. हातोडा कुठे मारायचा तेही सांगतो. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे चासीला रिव्हेट केलेत तिथे, बॅटरीच्या खाली (ॲसिड गळून चासी खाल्लेली असते), केबिनच्या माउंटिंगखाली आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्या चासीवर टेकतात तिथे. ठण् आवाज आला तर ठीक. धप् आला तर आतून पोखरलंय. तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा.

कृष्णाकाठ
एक मुद्दा राहिलाय, आणि सांगली जिल्ह्यात तो पहिला विचारायचा: २०१९ ऑगस्ट आणि २०२१ जुलैच्या पुरात गाडी कुठे होती? विटा उंचावर आहे, पण विक्रीची गाडी विट्यात उभी आहे म्हणजे ती विट्याचीच असेल असं नाही.

पुरात बुडलेली गाडी धुऊन रंगवता येते, गाळ मात्र लपत नाही. हेडलाइट काढून आतली वाटी बघा. डॅशबोर्डच्या मागे, स्पीडोमीटरच्या काचेच्या आत आणि चासीचा जो भाग चौकोनी बंद आहे त्याच्या भोकांत बोट घाला. कृष्णेचा गाळ बारीक आणि काळपट, वाळला की पिठासारखा हाताला लागतो. मग डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गोळ्याचा) ऑइल भरायचा बोल्ट उघडून बोट बुडवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. अशा गाडीचे व्हील बेअरिंग, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंग, ब्रेक सिलेंडर आणि सगळं वायरिंग बदलायचं धरूनच भाव करा.

सई_कऱ्हाड
कागदांचं बोलते, कारण हा व्यवहार अडला तर तिथेच अडेल.

नाव वडिलांचं आणि ते हयात नाहीत, म्हणजे विकणाऱ्याला आज ती गाडी तुम्हाला कायद्याने देताच येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी त्याच्या नावावर होऊ दे. मग फॉर्म २९ आणि ३० वर ती तुमच्या नावावर येईल. नोटरीच्या स्टँपपेपरवर 'विकली' असं लिहून घेणं म्हणजे मालकी नव्हे. बहीण-भावांपैकी एकाने जरी नंतर हरकत घेतली तरी तुम्ही अडकाल. बुकावर कधीकाळचा बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर फॉर्म ३५ सुद्धा लागेल.

सांगलीचा कोड १०, साताऱ्याचा ११, कराडचा ५०. पण १९६९ च्या गाडीवर हे काहीच नसणार, कारण एमएच मालिका १९८९ नंतरची. जुना तीन अक्षरी नंबर असेल. असं हाती लिहिलेलं बुक संगणकात चढलेलं आहे का ते वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. दिसत नसेल तर मूळ नोंदणी ज्या कार्यालयात झाली तिथे बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल, तोवर पुढचा एकही अर्ज ऑनलाइन जात नाही. हे काम विकणाऱ्यानेच करायचं, तुम्ही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुकात 'वाहनाचा वर्ग' काय लिहिलाय? खासगी जीप म्हणून नोंद असेल तर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण. मालवाहू असेल तर दरवर्षी पासिंग, आणि थकलेला कर व्याजासह गाडीच्या मागे येतो, मालकाच्या नाही. २० वर्षांवरच्या हलक्या खासगी चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा.

हळदीचा_भाव
एफसीचे पार्ट मिळवत बसण्यापेक्षा मॅटाडोर का नाही बघत? दुधाच्या गाड्या म्हणून अख्ख्या जिल्ह्यात होत्या, मेस्त्रीही सापडतील.

नटबोल्ट_मिरज
मॅटाडोर चांगली, पण तिची ओढ पुढच्या चाकांवर. हौदा भरून चढाला लावली की पुढचा भार हलका होतो आणि चाकं फिरतात. ड्राइव्ह शाफ्टच्या जोडांची रबरं फाटली की ग्रीस जातं, जोड जातात. कोरेगावच्या काळ्या रानात पावसाळ्यानंतर तिचा उपयोग नाही. एफसीला चारही चाकांची ओढ आहे, शेतावर नेमकी तीच लागते.

फिटर_अप्पा
इंजिनाकडे येऊ. एफसी-१५० चं मूळ इंजिन म्हणजे विलिसचं हरिकेन, २१९९ सीसी, चार सिलेंडर, इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. तेच इंजिन जुन्या पेट्रोल जीपला, त्यामुळे गॅस्केट, रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट, पॉइंट हे सगळं अजून मिळतं. पुण्यात नाना पेठेत बघा, नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवा. क्रँक आणि बोअरचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. न मिळणारी गोष्ट वेगळीच आहे: केबिन. दारं, बिजागऱ्या, काचा, काचेची रबरं, पुढची जाळी हे जीपचं चालत नाही, दुसरी एफसी तोडूनच मिळतं. म्हणून केबिन पूर्ण आहे की नाही हे इंजिनापेक्षा आधी बघा.

डिझेलचं माझं मत स्पष्ट आहे, काढा. कारण गणितात आहे. मागच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८ (शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक), तिसरा गिअर सरळ एकास एक, आणि ६.००-१६ च्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे कागदावर ताशी १०० किमी. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, २,००० फेऱ्यांवर बांधलेलं डिझेल बसवलं असेल तर त्याच रेशोवर ५० किमीला गाडी संपते. हायवेवर मागून ट्रक अंगावर येतात. शिवाय डिझेल जड. ही गाडी मुळातच नाकाडात भारी, हौदा मोकळा असताना जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होऊन लॉक होतात. त्यात पुढे आणखी वजन टाकलं की पुढचे पाटे बसतात आणि इंजिन माउंटिंगजवळ चासीला चिरा जातात.

घाटरस्ता
अप्पा, सरसकट काढा म्हणणं मला पटत नाही. शेतावर काम करायचं असेल तर डिझेल परवडतं. पेट्रोल हरिकेन चढाला प्यायला बसलं की टाकी दिसते. पूजो ह्या फ्रेंच कंपनीचं २११२ सीसी डिझेल नीट बसवलेलं असेल तर ते बऱ्यापैकी फिरतं, ट्रॅक्टरच्या इंजिनासारखं अडत नाही. आधी कुठलं इंजिन आहे ते बघून बोलू. आणि नोंद काय, एजंट करून देतो.

सई_कऱ्हाड
घाटरस्ता, शेवटचं वाक्य सोडून बोलूया. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आधी परवानगी आणि नंतर बुकात नोंद लागते. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, पेट्रोल लिहिलेल्या गाडीत डिझेल निघालं आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं. समोरच्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी मग धागाकर्त्याच्या सात-बाऱ्यापर्यंत येऊ शकते.

आणि व्हिंटेजचं उत्तरही यातच आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. डिझेल घातलेली एफसी मूळ रूपात नाही, विषय संपला. पेट्रोलवर आणली तरी एक अडचण उरते. नियमात दुचाकी आणि एम-१ वर्गातली चारचाकी असं लिहिलंय, म्हणजे माणसं नेणारी गाडी. मालवाहू म्हणून नोंदलेला पिकअप एन-१ मध्ये जातो. म्हणून पुन्हा तेच: बुकातला वर्ग बघा, आणि पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयाला लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या.

मिळाली तर नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नंबरात व्हीए अक्षरं असलेली मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी. पण व्हिंटेज नोंद झाली की रोजचा वापर बंद. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढंच. शेतावरची पोती त्यात बसत नाहीत. दोन्ही हवं म्हणाल तर साधं खासगी नूतनीकरणच बरं.

घाटरस्ता
विम्याचा मुद्दा मान्य. एजंटचं वाक्य मागे घेतो.

फिटर_अप्पा
शिवारवाट, एक काम करा. शेडमध्ये, गोठ्यात, कोपऱ्यात मूळ पेट्रोल इंजिन पडलंय का विचारा. डिझेल बसवताना काढलेलं इंजिन बरेच जण विकत नाहीत. बुकातल्या नंबराचं इंजिन सापडलं तर ह्या गाडीची किंमत वेगळी.

तांबडी_माती
इथनॉलचं कोणी बोललं नाही. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथनॉलचं पेट्रोल. पेट्रोलवर परत आणायची असेल तर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, सगळे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची किट इथनॉलला टिकणारी घ्या. जुनी रबरं फुगतात, मऊ पडतात, आणि एफसीत इंजिन केबिनच्या आत असल्याने गळती म्हणजे थेट मांडीशेजारी पेट्रोल. जुन्या टाकीतला गंज आणि राळ इथनॉल सोडवून काढतं, म्हणून टाकी धुऊन घ्या नि पहिले काही दिवस फिल्टर पुन्हा पुन्हा बदला. मिश्रण पातळ होतं, कार्ब्युरेटरचं मेन जेट एक पायरी मोठं लागू शकतं, प्लगचं टोक पांढरं पडलं की समजा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, इथनॉल हवेतलं पाणी ओढतं.

नटबोल्ट_मिरज
ब्रेक लागत नाहीत म्हणालात. ह्या गाड्यांचा मास्टर सिलेंडर एकेरी. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून दुरुस्ती अर्धी करू नका. मास्टर, चारही व्हील सिलेंडर, लोखंडी पाइप, रबरी होज एकदम बदला. मोजण्याजोगी गोष्ट ड्रमची, आत ओठ पडलेला असेल तर लेथवर घासण्याआधी जाडी उरते का बघा. यवतेश्वरच्या उतारावर ब्रेकवर विसंबू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

चाक काढताना घाई नको. विलिस घराण्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसतो. हे न बघता पाइप लावून जोर केला की स्टड मोडतो.

टायर ६.००-१६ सहज मिळतो, कारण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला तोच माप. पण ट्रॅक्टरचा तीन धारांचा टायर घालू नका, तो रस्त्यावरच्या वेगासाठी नसतो. जीपचाच मागा.

कृष्णाकाठ
पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवी हलवून बघा. वर-खाली खुळखुळ असेल तर किंगपिन बेअरिंग किंवा व्हील बेअरिंग. ब्रेक दाबून धरल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. तो सोडून दिला तर ४० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागतं. गिअरबॉक्स तीन गिअरचा, पहिल्याला सिंक्रो (गिअर जुळताना वेग सारखा करणारी रिंग) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना कुरकुरला तर तो दोष नव्हे. दुसरा गिअर उतारावर पाय काढल्यावर आपोआप सुटतो का, ते बघा. सुटत असेल तर बॉक्स उघडावा लागेल. आणि ऑइल जीएल-४, ९० नंबरचं. जीएल-५ पितळी रिंगांना खातं.

शिवारवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बघून आलो. नोंदी देतो.

चासी नंबराची छाप बुकाशी जुळते. बुकात वर्ग खासगी जीप, बोजा नाही, पोर्टलवर नंबर दिसत नाही. दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत ८१ इंच. चासी तिरकी झालीय का बघायला ओळंबा सोडून खडूने काढलेल्या कर्णात फरक फक्त ४ मिमी. हौद्याची पुढची भिंत आणि फाळका पुट्टीने भरलेले. चासी मागच्या डाव्या हँगरजवळ धप् वाजते, तळहाताएवढा भाग. डिफरन्शियलचं ऑइल काळं, पण दुधाळ नाही, गाळ कुठेही नाही. केबिन पूर्ण, एक दार लोंबतंय. आणि अप्पा, मूळ इंजिन वैरणीमागे ताडपत्रीखाली आहे. ब्लॉकवरचा नंबर बुकातलाच. हेड बसलेलं आहे, इंजिन फिरत नाही.

फिटर_अप्पा
वा! सोडू नका ही गाडी.

जाम इंजिनावर जोर करू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात निम्मं डिझेल निम्मं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, अर्धा कप. आठवडाभर रोज थोडं घाला. मग पुलीच्या नटावर पाना लावून दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. स्टार्टरने कधीच नाही, रिंग मोडतात.

हेड उतरवल्यावर दोन गोष्टी. एक, ब्लॉकमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे जाणारी चीर. ह्या घराण्याचं हे ठरलेलं दुखणं आहे, भिंगाने बघा. दोन, बोअर. मूळ माप ७९.३७ मिमी. ४० साइजचा (४० थाऊ, म्हणजे इंचाच्या ४० हजारांशांनी मोठा) पिस्टन म्हणजे साधारण ८०.३९. त्याच्याही पुढे गेलं असेल तर स्लीव्ह घालावी लागेल. जुळणीनंतरची मापं लिहून ठेवा: टॅपेटची फट गार इंजिनावर इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३० थाऊ. सिलेंडर पेटण्याचा (फायरिंगचा) क्रम १-३-४-२.

माणदेशी
हँगरपाशी धप्प वाजतंय तिथं निस्ता पत्रा ठोकून घिऊ नका. कुजल्यालं कापून काढा, चासीच्याच जाडीचा तुकडा घाला, कडंला तिरपा काप दिऊन वेल्डिंग करा. आन वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडा.

सई_कऱ्हाड
वर्ग खासगी जीप निघाला हे फार चांगलं झालं. आता घाई करून पूर्ण रक्कम देऊ नका. इसार द्या आणि इसार पावतीत हे लिहून घ्या: चासी नंबर, मूळ इंजिनाचा नंबर आणि ते इंजिन व्यवहारात धरलेलं आहे हे, सध्याचं डिझेल इंजिन कोणाचं राहील, बॅकलॉग नोंद आणि वारस म्हणून हस्तांतरण विकणाऱ्याने किती दिवसांत करायचं, आणि न झाल्यास इसार परत. सगळ्या वारसांच्या सह्या पावतीवरच घ्या. उरलेली रक्कम फॉर्म २९-३० वर सही होईल त्या दिवशी, बँकेतून.

नटबोल्ट_मिरज
आणि ती चालवत आणू नका. ब्रेक नाहीत, विमा नाही, पासिंग नाही. धक्का असलेल्या ठिकाणाहून मोकळ्या ट्रकवर चढवा. मूळ इंजिन एफसीच्या हौद्यात नको, ट्रकच्या पुढच्या भिंतीला टेकवून लाकडी ठोकळ्यांवर बांधा. एफसीच्या चारही चाकांना ओंडके लावा आणि दोर ॲक्सलला बांधा, केबिनला किंवा बंपरला नको. पाटे हलत राहतात, दोर केबिनला असेल तर सैल पडतो. विट्याहून कोरेगावपर्यंत दोनदा थांबून दोर आवळा.

शिवारवाट
पावतीचा मसुदा आज रात्री करतो. विकणाऱ्याला एक बहीण आहे, इस्लामपूरला. तिची सही घ्यायला रविवारी जातो, मगच इसार.